पाठपोट वाचणारे अप्पा

अप्पांनी माझं नाव कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'इंजिनेर' होतो, आणि तो शब्द ते अशा सुरात म्हणत की मला माझ्या पदवीबद्दल शंका यायची. पुण्यात सात वर्षं काढून, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून मी बीडला परतलो होतो. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या एका कार्यालयातल्या जुन्या नोंदी संगणकावर आणायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. मी मूळचा तेलगावचा. तिथली बोली याला कळेल, अशा भरवशावर कंपनीने मला धाडलं. तो भरवसा किती पोकळ होता ते मी पुढे सांगणारच आहे, कारण त्यातून सुटका नाही.

शिवलिंगअप्पा धारूरचे. घरचं किराणा दुकान सोडून कोवळ्या वयात फौजेत गेले, तेही बंदूक घ्यायला नव्हे, कारकून म्हणून. सुभेदार होऊन परत आले आणि नंतर या कार्यालयात जुन्या फायली सांभाळायला मानधनावर बसले. अंगावर नेहमी पांढराशुभ्र शर्ट, बाहीची इस्त्री अशी की कडेवर बोट ठेवायची भीती वाटावी. शाईचा थेंब पडला तर माणूस उठून घरी जाऊन शर्ट बदलून यायचा. त्यांच्या मेजावर एक भिंग, एक लाकडी पट्टी आणि एक स्टॅम्पपॅड असे. चौथी वस्तू कुणी ठेवली तर ते ती न बोलता शेजारच्या मेजावर सरकवत. माझा लॅपटॉप असा तीनदा सरकला.

त्यांची एक खोड मला पहिल्याच भेटीत कळली. मी कंपनीचं पत्र ऐटीत त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं, उलटं केलं आणि मागची बाजू वाचू लागले. मागे काही नसणार म्हणून मी आपला हसतमुख उभा. बराच वेळ वाचून ते म्हणाले, "शेपू आज न्हाई मिळायचा, इंजिनेर. मंगळवारी बाजार आस्तो. धने मिळत्याल." सकाळी बायकोने सांगितलेली यादी मी त्याच कागदाच्या मागे लिहून घेतली होती. मग त्यांनी कागद सुलटा केला, वरवर नजर टाकली आणि परत दिला. त्या पत्रात माझ्या अनुभवाबद्दल पाच ओळी होत्या. त्यांचं चार लोकांत वाचन व्हावं अशी माझी फार इच्छा होती.

"कागदाला पाठ आस्ती आन् पोट आस्तं," ते म्हणायचे. "पोटावर समदे गोडगोड लिवत्यात. खरं काय ते पाठीवर." सरकारी कचेऱ्यांत दोन्ही बाजूंच्या छपाईला पाठपोट म्हणतात, हे मलाही ठाऊक होतं. पण अप्पा त्या शब्दाकडे फार गंभीरपणे बघत. टाचणीचा गंज किती जुना, शिक्का कुठे उमटला, लिहिणाऱ्याने कुठे जोर दिला, हे सगळं ते मागून बघत. एकदा एका माणसाने आणलेला जन्मदाखला त्यांनी नुसता उलटा धरला आणि म्हणाले, "कागद म्हातारा हाय, शाई कालची." माणूस दाखला तिथेच टाकून निघून गेला.

आमच्या प्रणालीतही असाच एक भाग होता. खोटे कागद शोधणारा, ठसे जुळवणारा, दोन नोंदींतला विसंवाद पकडणारा. कंपनीने त्याला 'फोरेन्सिक' असं नाव दिलं होतं आणि मी ते नाव दिवसातून बऱ्याच वेळा घ्यायचो. अप्पांच्या कानाला ते 'फॉरेन सिक' ऐकू यायचं. फौजेत आजारी पडलेल्याला 'सिक' म्हणतात. मशीन अडकलं की ते पलीकडून विचारायचे, "कामून थांबलं? फॉरेनवाला सिक झाला का? मंग दवाखान्यात न्या त्याला." मी हसायचो नाही. मला वाटायचं, एका मागासलेल्या माणसाच्या विनोदाला आपण दाद देऊ नये.

आता माझी कर्तबगारी सांगतो. फायली अफाट आणि मुदत थोडी. करारात लिहिलं होतं, 'प्रत्येक कागदाची एक प्रतिमा'. मी त्याचा सोयीचा अर्थ लावला आणि प्रत्येक नोंदणी अर्जाची फक्त पुढची बाजू स्कॅन करायला लावली. काम निम्म्या वेळात आटोपलं. पुण्याहून शाबासकीचा मेल आला, तो मी बायकोला दोनदा वाचून दाखवला. उरलं होतं एवढंच की स्कॅन झालेले मूळ कागद नष्ट करायला कापणीच्या मशीनला द्यायचे. त्यासाठी अप्पांची सही हवी होती.

"तुमी नुसतं पोट घेतलंय," अप्पा म्हणाले. "पाठ कुठं हाय?"

"अप्पा, मागे काहीच नसतं हो. एखादा शिक्का, एखादा डाग."

"मंग डाग घ्या."

सही मिळाली नाही. मी वरिष्ठांना मेल केला. 'सदर इसम आधुनिकीकरणात अडथळा आणत आहे' असं त्यात लिहिलं. तो मेल कार्यालयाचे प्रमुख कर्नलसाहेब यांच्यापर्यंत गेला. ते उत्तरेकडचे, मितभाषी. त्यांनी तो छापून काढून शांतपणे अप्पांकडेच अभिप्रायासाठी पाठवला. अप्पांनी कागद उलटा केला. "मागं कोरं हाय," म्हणाले. मग सुलटा केला. "पुढं लई लिवलंय." आणि त्याला दोन भोकं पाडून त्यांनी तो नीट फाईलला लावला.  त्या दिवशी माझा चहाही त्यांनीच सांगितला.

तरी माझी रग जिरली नव्हती. महिन्याभराने कर्नलसाहेबांपुढे मी कामाचं सादरीकरण केलं. अप्पांना मी बोलावलंच नाही. पडद्यावर रंगीत वर्तुळं, फिरते आकडे. त्यातलं एक वर्तुळ माझं विशेष लाडकं होतं, जिल्ह्यातल्या सैनिकांच्या पत्नींच्या नावांचं. जुने अर्ज इंग्रजी मोठ्या अक्षरांत भरलेले, आमची प्रणाली ते आपोआप मराठीत आणायची. त्या वर्तुळात सगळ्यांत मोठा तुकडा होता 'मांडली' या नावाचा. मी लेझरचा लाल ठिपका त्यावर फिरवत म्हणालो, "हे या भागातलं खास नाव दिसतं, सर. बालाघाटाच्या डोंगरातली एखादी देवी असावी." कर्नलसाहेबांनी ते वहीत टिपून घेतलं. माझा जन्म त्याच डोंगराच्या पायथ्याशी झाला आहे आणि अशी देवी मी कधी ऐकलेली नव्हती. पण पडद्यावर आलं की मला कशाचीही खात्री वाटते.

त्याच सुमारास सैनिकांच्या कुटुंबांना नवी ओळखपत्रं मिळायला लागली होती. अर्जावर आधारचं नाव यायचं, जुन्या नोंदीत दुसरंच असायचं, आणि माझा फोरेन्सिक भाग ते चोख पकडायचा. एक सैनिक, दोन पत्नी. ओळखपत्र थांबायचं आणि खुलाशाची नोटीस आपोआप निघायची. मला केवढा आनंद झाला होता. इतक्या वर्षांत कुणाला सापडलं नाही ते माझ्या मशीनने आठवड्यात शोधलं होतं. फौजी माणसं वरून साधी, पण आतून भानगडीची, असा माझा निष्कर्ष होता. तेलगावकडचा एक म्हातारा नाईक हात जोडून सांगून गेला, "साहेब, मी ह्या नावाची बाई डोळ्यानं पायली न्हाई. मारुतीच्या देवळात झोपतोय मी परवापासून." मी त्याला खुलाशाचा नमुना दिला.

मग कौसल्याबाई आल्या.

शिरूर कासारजवळच्या एका खेड्यातून त्या एसटीने आल्या होत्या. वय सत्तरीचं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. लष्कराच्या दवाखान्यात डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, आठच दिवसांवर, आणि ओळखपत्राशिवाय तिथे कुणी आत घेणार नव्हतं. हातात माझी नोटीस. गावातल्या मास्तरांनी ती चार लोकांत वाचून दाखवली होती. 'श्रीमती मांडली व श्रीमती कौसल्याबाई अशा दोन पत्नी आढळून आल्या आहेत.'

मला वाटलं, ऑपरेशनचं बोलतील. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "आसामला व्हते ते चार सालं. तिकडलीच आसंल का वो?"

मी म्हणालो, चौकशी सुरू आहे.

"चौकशी करा. मला यवढंच सांगा, लेकरं हायेत का तिला? आसली तर त्येनला कळवाया पायजे ना, बाप गेला म्हून. सात साल झाले, कुणी सांगितलं नसंल त्येनला."

मी संगणकाच्या पडद्याकडे बघत बसलो. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यात मला लाज वाटल्याचे प्रसंग थोडे नाहीत, पण त्या दिवशी जी वाटली ती वेगळी होती. एवढंच कळत होतं की या बाईचा सगळा संसार माझ्या एका ओळीने उसवला आहे, आणि ती मला काही न म्हणता त्या दुसरीच्या लेकरांचा विचार करते आहे.

पलीकडे अप्पांची खुर्ची सरकली. "नाव काय म्हन्ला मालकाचं, बाई?" त्यांनी विचारलं. ते कळल्यावर ते आतल्या खोलीत गेले. कापणीच्या मशीनसाठी मी बांधून ठेवलेले, त्यांनी सही न दिल्याने तिथेच पडून असलेले गठ्ठे सोडण्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने एक पिवळा अर्ज घेऊन ते बाहेर आले. अर्थात उलटा धरून.

मागे निळा अंगठा होता. पूर्वी सैनिक पलटणीत भरलेला अर्ज घेऊन घरी परतला की बायकोला कचेरीत आणून तिचा अंगठा अर्जाच्या पाठीवर घ्यायची पद्धत होती, हे अप्पांनी मला तेव्हा सांगितलं. माझ्या एकाही प्रतिमेत तो नव्हता. खाली कुणा जुन्या कारकुनाने मराठीत लिहिलं होतं, 'कौसल्याबाई, डावा अंगठा'. अंगठ्यातून एक आडवी पांढरी रेघ गेलेली.

"बाई, डावा हात बघू."

त्यांनी हात पुढे केला. अंगठ्यावर कोयत्याचा जुना वण होता. "उसात लागलं," त्या म्हणाल्या. "लगीन नवं व्हतं. सासऱ्यासंगं तोडीला गेलते." अप्पांनी भिंगातून कागद पाहिला, अंगठा पाहिला, परत कागद पाहिला. मग पहिल्यांदा अर्ज सुलटा केला. पत्नीचे नाव या रकान्यात मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेला तोच शब्द होता. अप्पा त्यावर पट्टी ठेवून एकेक अक्षर वाचू लागले आणि मधेच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही, मला ती अजून पुरते आहे.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "मालक तुमाला हाक कशी मारायचे?"

"हाक कुठली? ऐकलं का म्हनायचे."

"आन् दुसऱ्याला सांगताना? पावन्याला बिवन्याला?"

 "आमची मंडळी म्हनायचे," त्या म्हणाल्या.

 माझे वडील आजही शेजाऱ्यांना सांगतात, मंडळी माहेरी गेली आहे. मी तो शब्द लहानपणापासून ऐकतो आहे. MANDLI या इंग्रजीतल्या सहा अक्षरांनी माझे कान इतके बंद केले होते की मी त्या शब्दाची देवी करून कर्नलसाहेबांच्या वहीत बसवली होती. परमुलखातल्या बाबूने विचारलं असणार, बीवी का नाम. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं कसं, म्हणून हा गडी लाजून म्हणाला असणार, मंडळी. बाबूने ते इमानदारीने लिहून घेतलं. आणि जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांनी हेच केलं होतं.

कौसल्याबाईंना उमगायला क्षणभर लागला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत ते मला कळेना. बहुधा दोन्ही.

अप्पांनी स्वतःच्या हाताने दोन ओळींचा अहवाल लिहिला. मी मात्र शहाणपणाने तो पिवळा कागद, या खेपेला दोन्ही बाजूंनी, माझ्या प्रणालीत घातला. फोरेन्सिक भागाने उत्तर दिलं, 'मागील बाजूस डाग. दस्तऐवज संशयास्पद.' कर्नलसाहेबांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहिले आणि अप्पांच्या कागदावर सही केली. वहीचं एक पान त्यांनी माझ्यासमोर फाडलं. ओळखपत्र तारखेच्या आत गेलं आणि कौसल्याबाईंचं ऑपरेशन झालं.

पुढच्या महिन्यात त्या डोळ्यांवर काळा चष्मा लावून आल्या. मी अभिमानाने सांगितलं की जुनं चुकीचं नाव आता आम्ही काढून टाकतोय. त्या म्हणाल्या, "कुठं हाय ते, दावा." मी अर्ज दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या अक्षरांवर डोळे लावून बराच वेळ बसल्या. "हे ऱ्हाऊ द्या बाबा," म्हणाल्या. "त्येनी सांगितल्यालं हाय ते." त्यामुळे आमच्या प्रणालीत आजही पत्नीच्या नावाखाली एक जादा रकाना आहे. पुण्यातल्या वरिष्ठांनी त्याचं कारण विचारलं होतं. मी लिहिलं, स्थानिक गरज.

बाकीच्यांचं निस्तरायचं होतं. जे सैनिक हयात, त्यांनी खिडकीपाशी येऊन तोंडी पत्नीचं नाव सांगायचं आणि सही करायची, असं ठरलं. त्या दिवशी कार्यालयासमोर जी रांग लागली तशी मी पुन्हा पाहिली नाही. सीमेवर उभी राहिलेली माणसं माझ्या खिडकीशी येऊन घामाघूम होत होती. एकाने नाव तळहातावर लिहून आणलं आणि हात दाखवून मोकळा झाला. एकाने मागच्या मित्राच्या कानात सांगितलं आणि मित्राने मला. एका हवालदाराने छाती काढून लग्नातल्यासारखा अख्खा उखाणा घेतला. तो रकान्यात मावला नाही. देवळात झोपणारा नाईक सगळ्यांत मोठ्याने ओरडला, त्याची बायको दारात उभी होती.

रांग संपली तेव्हा खिडकीसमोर पांढरी बाही दिसली. अप्पा. मागे बाकावर त्यांची पत्नी बसलेली, हातात पिशवी.

"तुम्ही इकडून का अप्पा, आत या ना."

"लाईन म्हंजे लाईन," ते म्हणाले आणि स्वतःचा पिवळा अर्ज खिडकीतून आत सरकवला. मी आता शिकलो होतो. आधी पाठ पाहिली, मग पोट. पत्नीचे नाव, तेच इंग्रजीतलं मंडळी.

सगळ्या जिल्ह्याचं रेकॉर्ड नीट ठेवणारा माणूस, आणि स्वतःची नोंद पन्नास वर्षं अशी. 

"लगीन करून सुट्टीवरून परत गेलतो," ते खिडकीच्या गजाकडे बघत म्हणाले. "बाबूनं इचारलं. मागं आख्खी कंपनी उभी. तोंडातून निघून गेलं. त्यानं लिवलं, मी बघत ऱ्हायलो."

"मग नंतर दुरुस्त का नाही केलंत? तुमच्याच तर हातात होतं."

"दुरुस्त कराया परत नाव सांगावं लागलं आस्तं ना."

मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की सोमवारी पुण्याला लष्कराच्या दवाखान्यात जायचं आहे, छातीचं मोठं ऑपरेशन आहे. "परत आलो तर आलोच. न्हाई आलो तर तुमचं मशीन हिला इचारंल, मांडली कोन म्हून. ही कुनाला सांगत बसंल? ते नगं व्हायला."

मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि म्हणालो, "पत्नीचं नाव?"

अप्पांनी घसा साफ केला. बाहीची कड नीट केली. "सुंदराबाई," ते म्हणाले.

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. "जरा मोठ्याने, अप्पा. मशीनचा आवाज आहे."

"सुंदरा," ते म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

"ऐकू आलंय त्याला," बाकावरून आवाज आला. "पहिल्या बारीलाच आलतं. पुरं करा आता." बाईंनी चेहरा पिशवीकडे वळवला होता, पण खांदे हलत होते.

मी पावती छापून दिली. अप्पांनी ती उलटी केली. "मागं कोरं हाय," म्हणाले. नव्या पद्धतीत मागे काही लागत नाही. तरी मी आत जाऊन त्यांच्या मेजावरचं स्टॅम्पपॅड आणलं. सुंदराबाईंनी पावतीच्या पाठीवर अंगठा उठवला. अप्पांनी भिंग न लावताच तो बराच वेळ पाहिला, पावतीची घडी करून खिशात ठेवली.

अप्पा पुण्याहून परत आले नाहीत. सुंदराबाईंचा विधवा पेन्शनचा अर्ज महिन्याभराने माझ्याकडे आला. मशीनने कसलीही हरकत घेतली नाही, मिनिटाच्या आत मंजूर झाला. माझ्या त्या प्रणालीने सरळपणे केलेलं ते बहुधा एकमेव काम. मी तेव्हा उठून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

पण त्या रांगेच्या दिवशी खिडकीतून मला ती दोघं जाताना दिसली. सुंदराबाई अंगठ्याची शाई पुसायला कापड शोधत होत्या. पिशवीत मिळालं नाही. अप्पांनी दंड पुढे केला. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या बाहीला अंगठा पुसला. मला वाटलं, आता हे शर्ट बदलायला घरी जाणार. ते तसेच पायऱ्या उतरले आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागले. अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते असं पाठीवरून, बाहीवर निळा डाग घेऊन भर बाजारातून चालत जाताना.